काम द्याले आले का मागाले

नोकरी गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मी मजुरांच्या अड्ड्यावर जाऊन उभा राहिलो, आणि तिथे मला कोणीही मजूर समजले नाही. हे लिहावे की नाही, याचा मी बरीच वर्षे विचार केला. आयुष्यभर मी कंपनीचे अहवाल सोडले तर काही लिहिले नव्हते, आणि अहवालात स्वतःविषयी लिहायचे नसते. पन्नाशी उलटल्यावर ही सवय मोडणे जड जाते.

मी कृषी पदवीधर. एका बियाणे कंपनीचा मोताळा तालुक्यातला प्रतिनिधी म्हणून मी पंधरा वर्षे काम केले. कंपनीच्या मोटारसायकलवरून गावोगाव जायचे, देवळाच्या ओट्यावर शेतकरी जमवायचे, बीटी कपाशीचे पाकीट उंच धरून दाखवायचे आणि सांगायचे, की या वाणाला बोंडअळी शिवत नाही. मी मुळात बुजरा. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझ्या तोंडाला कोरड पडते. पण कंपनीने पाठ करून घेतलेली वाक्ये मला अडखळल्याशिवाय म्हणता येत. पाठ केलेले बोलताना लाज वाटत नाही, कारण ते आपले नसते.

पुढे बीटीलाही न जुमानणारी गुलाबी अळी आली. बाहेरून टपोरे दिसणारे बोंड फोडावे, तर आत किडकी सरकी आणि तपकिरी पडलेला कापूस. लोकांनी उभ्या पिकात जनावरे सोडली. येत्या हंगामात कपाशीचे बियाणे कमी खपणार, हे ओळखून कंपनीने आमच्यापैकी निम्म्यांना घरी पाठवले. मोटारसायकल मीच बुलढाण्याच्या कार्यालयासमोर नेऊन उभी केली, किल्ली शिपायाच्या हातात दिली आणि एसटीने परत आलो.

सुरुवातीला मी माझ्या शिक्षणाला शोभेल असे काम शोधले. एका खासगी शाळेत वय आडवे आले. मोताळ्यातल्या एका कृषी केंद्राचा मालक माझ्या ओळखीचा होता. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "तुमचा सभाव चांगला हाय साहेब, त्यात वाद नाई. पन तुमी गल्ल्यावर बसलेले दिसले, तं गिऱ्हाईक पायरी चढनार नाई." मी चहा संपवला. त्याचे खरे होते. पंधरा वर्षे कंपनीचे तोंड म्हणून लोकांनी जे पाहिले, ते माझे तोंड होते.

घरी बायको शिवणकाम करत असे. तिच्या भावाचे खामगावला दुकान होते आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. एके दिवशी ब्लाउजला हुक लावता लावता, मान वर न करता ती म्हणाली, "दादाचा फोन आला होता. या म्हणतो."

"किती दिवस?"

"दिवसांचं नाही बोलला तो. भावाच्या दारी जाऊन राहणं मलेही नाही आवडत. पण भाडं थकलं आहे, अखजीला घरमालक खोली खाली करा म्हणणार, हे तुम्हालेही माहीत आहे. तोवर काही लागलं तर ठीक. नाही तर मी पोरीला घेऊन जाते. तुम्ही यायचं तर या."

ती रागाने बोलली असती तर मला बरे वाटले असते. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अखजीला, तेव्हा तीन आठवडे होते. मेव्हण्याच्या घरात त्याच्या मर्जीने जेवायला बसायचे, ही कल्पनाच मला सोसवेना. त्या रात्री मी ठरवले, की मिळेल ते काम करायचे. फक्त मोताळ्यात नाही. राजूरचा घाट चढून बुलढाण्याला जायचे, जिथे कंपनीच्या कार्यालयाबाहेर आपल्याला कोणी ओळखत नाही.

बुलढाण्यात ज्या चौकात बांधकामाचे मजूर सकाळी येऊन बसतात, तिथे मी साडेसातला पोहोचलो. अंगात इस्त्री केलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. मजुरी मागायला जाताना काय घालावे, हे मला सुचलेच नव्हते. फावडी, घमेली घेऊन पंधरा-वीस माणसे आणि काही बाया बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो, आणि ते सगळे उठले.

"किती मानसं पाह्यजेत, साहेब?"

"कुठी हाय काम? मलकापूर रोडले का?"

"खड्डा खंदाचा हाय का इटा वाहाच्या?"

"बाया चालतीन का? आमी दोघी जावा हाओत साहेब, एकीले घेतलं तं दुसरी रडते!" यावर सगळे हसले. एकाने अदबीने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या हातात घेतली.

मीही तुमच्यासारखाच आलो आहे, एवढे एक वाक्य बोलायचे होते. ते पाठ केलेले नव्हते. माझ्या तोंडून निघाले, "दोन."

"दोन? आमी येतो. कोनतं काम?"

"उद्या," मी म्हणालो. "उद्याला लागतील. आज नुसते पाहायला आलो."

इतक्यात चौकाच्या पलीकडे एक ट्रॅक्टर थांबला, सहा-सात माणसे चढली आणि तो निघूनही गेला. माझ्याशी बोलणारे दोघे धावले, पण त्यांना तो सापडला नाही. त्यातला एक परत येऊन माझी पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, "उद्याचं काम आज काऊन पाहून राह्यले साहेब? आमचा आजचा दिवस गेला ना."

मी पिशवी घेतली. घाट उतरून घरी आलो.

एक दिवस सोडून पुन्हा गेलो. या वेळी जुना, विटलेला शर्ट घातला आणि चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय मला लांबचे चेहरे पुसट दिसतात, पण त्या सकाळी मला ते सोयीचेच वाटले. "आले रे, दोन मानसंवाले आले!" कोणी तरी म्हणाले. मी पायरीच्या टोकाशी बसून राहिलो.

थोड्या वेळाने जीपमधून एक वयस्क मिस्त्री उतरला. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. तो धाड गावचा होता आणि त्याच्या हाताखाली एका घराचे काम चालू होते, हे मला नंतर कळले. त्याने भराभर माणसे निवडली. माझ्यापाशी येऊन थांबला आणि वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "भाऊ, तुमी काम द्याले आले का मागाले?"

"मागायला."

"काय म्हन्ले? जोरात बोला ना. अथी लाजनाऱ्याले कोनी नेत नाई."

"मागायला," मी म्हणालो. हसणे ऐकू आले. मी खाली पाहत राहिलो.

"काय काय येते?"

"काही येत नाही."

"ये अच्छा हाय," मिस्त्री म्हणाला. "बाकी सगळे पयल्या दिवशीच मिस्त्री राह्यतेत. ऐका. आज स्लॅब हाय, अन् दोन हात कमी पडून राह्यले. साखळीत उभे राहा. संध्याकाळपर्यंत टिकले, तं दसऱ्यापर्यंत ह्याच घरावर काम देतो. मधात बसले, तं उद्या दिसू नका."

दसऱ्यापर्यंत! तेवढ्या एका शब्दावर आमची भाड्याची खोली टिकणार होती.

स्लॅबचे काम एकदा सुरू झाले की थांबवता येत नाही. अर्धवट सोडले तर जोड राहतो आणि तिथून पुढे कायम पाणी गळते. खाली मिक्सर फिरतो, वर सळयांची जाळी वाट पाहत असते, आणि मधल्या लाकडी पाडावर, म्हणजे परांचीवर, एकाच्या वर एक अशी माणसे उभी असतात. भरलेले घमेले खालच्याने उचलून वरच्याच्या हातात द्यायचे. एकाचे हात थांबले की सगळ्यांचे थांबतात. मला पाडाच्या दुसऱ्या पायरीवर उभे केले. माझ्या खाली डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस होता. माझ्या हातात येणारे प्रत्येक घमेले त्याच्या हातातून येत होते.

तासाभरात माझी बोटे उकलली. सिमेंटचे पाणी त्या भेगांत शिरून आग होऊ लागली. मी घमेल्याकडे पाहून ते धरत होतो, त्यामुळे दर वेळी उशीर होत होता.

"घमेल्याकडे पाहू नका," खालचा माणूस म्हणाला. "माह्या हाताकडे पाहा. हात वर आला की तुमचा खाली आला पाह्यजे."

मी तसे केले. जमू लागले. दहा-बारा घमेली गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "आता जमून राह्यलं, साहेब."

साहेब हा शब्द तिथे मला कोणी म्हणायचे कारण नव्हते. चौकातले लोक मला आता 'दोन मानसंवाला' म्हणत होते.

दुपारी मिक्सरचे डिझेल संपले, ते आणेपर्यंत पंधरा मिनिटे मिळाली. त्याने तोंडावरचा दुपट्टा सोडला, पाणी प्यायला आणि तांब्या माझ्याकडे दिला. मी चष्मा लावला. माझ्याच तालुक्यातल्या एका गावचा शेतकरी होता तो. मी त्याच्या गावच्या ओट्यावर किती तरी वेळा उभा राहिलो होतो.

"चौकात 'मागायला' म्हन्ले ना तुमी, तवाच आवाज वळखला," तो म्हणाला. "ओट्यावर असेच हळू बोलत होते तुमी. आमी म्हनो, हा मानूस फेकनारा नाई. सभ्य हाय."

मी विचारले, "शेती?"

"हाय ना. शेत कुठी जाते? पन औंदा तथी काम काय हाय?" मग म्हणाला, "तुमच्या पाकिटात एक बारकी पुडी राहे. याद हाय का?"

मला आठवत होती. बीटीच्या प्रत्येक पाकिटात साध्या सरकीची एक लहान पुडी वेगळी असे. ती शेताच्या कडेने लावायची असते. अळीला खायला थोडे साधे पीक राहिले, की ती बीटीला लवकर सरावत नाही. हे मी महाविद्यालयात शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते, आणि त्याला गुणही मिळाले होते. पण कडेच्या त्या ओळींत कापूस कमी येतो, शेतकरी कुरकुरतो आणि दुसऱ्या कंपनीकडे जातो. म्हणून विक्रीच्या बैठकीत आम्हाला सांगितले गेले, की पुडीचा विषय आपण होऊन काढू नका. त्या बैठकीत काही विचारावे म्हणून मी हात अर्धा वर केला होता. कोणी पाहिले नाही, तसा मी तो खाली घेतला.

"मी तुमाले इचारलं होतं, हे काऊन देली म्हून," तो म्हणाला. "बाकीचे तं फेकूनच देत. मी लावनार होतो. तुमी म्हन्ले, नाई लावली तरी चालते."

"हो," मी म्हणालो.

"मंग मी बी फेकली."

एका माणसाने एका शेताच्या कडेला चार ओळी लावल्या असत्या, म्हणून साऱ्या जिल्ह्यातली अळी थांबली नसती. हे शास्त्राला धरून आहे आणि मला ते त्याला सांगता आले असते. पण त्याने मला जिल्ह्याविषयी विचारले नव्हते. त्याला माझ्याकडून काय हवे होते, कुणास ठाऊक. तेवढ्यात डिझेल आले, मिक्सर सुरू झाला आणि आम्ही उठलो.

दुपारनंतर माझे खांदे माझे राहिले नाहीत. एक घमेले हातात कलले आणि ओला माल खालच्या शेतकऱ्याच्या पाठीवर सांडला. वरून मिस्त्री ओरडला. मी पाडाच्या बल्लीला टेकलो. आता खाली बसणार, एवढ्यात शेतकऱ्याने खालून माझी पोटरी घट्ट धरली. "बसू नका. तुमी बसले तं तुमचा बोजा माह्यावर येते." त्या आवाजात दया नव्हती. मी उभा राहिलो. पुढच्या घमेल्यांत माल थोडा कमी होता की माझाच अंदाज चुकला, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

दिवस मावळायला शेवटचे घमेले वर गेले. ज्याचे घर बांधत होतो त्याने कागदावर जिलबी आणि चिवडा वाटला. नव्या माणसाला ठेवायचे की नाही, हे ठरवण्याची त्या मिस्त्रीची एक रीत होती. तो त्या माणसाला काही विचारत नसे. साखळीत त्याच्या खाली जो उभा असेल त्याला विचारत असे, कारण वरच्याचे हात कसे चालतात हे खालच्यालाच कळते. सगळ्यांसमोर त्याने शेतकऱ्याला विचारले, "क्या भाई, ठेवाचा का ह्याले?"

शेतकरी पाठीवर वाळलेले सिमेंट खरवडून काढत होता. त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात जिलबी तशीच होती.

"ठेवा," तो म्हणाला. "मागून आलं ते पुढं देते. मधात काही पाहात नाई, इचारत नाई. कंपनीत बी हेच करे."

मिस्त्रीला त्यातले निम्मेच कळले. तो हसला. "बस, बिगाऱ्याले आनखी काय लागते? उद्या सातले या, भाऊ."

अशा रीतीने मला काम मिळाले. दसऱ्यापर्यंत तो शेतकरी माझ्याबरोबर त्याच घरावर होता. पुडीविषयी तो पुन्हा कधी बोलला नाही, आणि मला साहेब म्हणणे त्याने एकही दिवस सोडले नाही. सगळ्यांना वाटे, तो मान देतो.

त्या संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा बायकोने माझे हात पाहिले आणि काही न विचारता खोबरेल तेलाची बाटली आणली. "दसऱ्यापर्यंत काम लागलं," मी म्हणालो. "दादाला येत नाही म्हणून कळव."

ती बराच वेळ माझ्या बोटांना तेल लावत राहिली. मग म्हणाली, "कोणी दिलं?"

"एका मिस्त्रीनं," मी म्हणालो. ते कोणाच्या शब्दावर मिळाले हे सांगायचे तर पुडीपासून सांगावे लागले असते, आणि एवढे मी तिच्यापाशी कधी बोललो नव्हतो.