मास्तरने शिवून टाकलेलं पाकीट

बंद पाकिटाला कधी घाबरलायत? खरं सांगा, इथे कुणी बघत नाही.

ही गोष्ट जिची, ती कुणाच्या बापाला घाबरत नाही. टेलर आहे, म्हणून अख्खा रस्ता तिला 'मास्तर' म्हणतो. बाई असली तरी मास्तरच. माप देताना पोट आत ओढणाऱ्या भल्याभल्यांना ती सुनावते, "श्वास सोडा साहेब, कपडा तुम्हालाच घालायचाय."

वर्षभरापूर्वी कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढावा लागला. त्या जागी घालायला बाजारातून आणलेला पॅड रबरी निघाला, घामाने चिकटणारा. मास्तरने तो टेबलावर आपटला आणि स्वतः एक शिवला. मऊ सुती कापड, आत कापूस, वजनाला मूठभर मोहरी. केमोच्या रांगेत ओळख झालेल्या तिघींनी तो बघितला आणि म्हणाल्या, आम्हालाही.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली येतं. फिटिंग होतं, चहा होतो, जगाला शिव्या देऊन होतात. आणि एक नियम आहे, मास्तरनेच घातलेला: रिपोर्ट आला की तो इथेच, कापड कापायच्या टेबलावर उघडायचा. जिचा असेल तिने हात लावायचा नाही. सगळ्यांत नवी असेल तिने मोठ्याने वाचायचा. "एकटीने उघडायला आम्ही काय मेलो?" असं मास्तर दरडावून सांगायची.

मग तिचाच स्कॅन झाला. उपचार संपल्यावरचा पहिला. काउंटरवरच्या माणसाने पाकीट सरकवलं, मान वर न करता. समोरचीचं आयुष्य सरकवतोय, पण मान वर करेल तर शपथ!

घरी तिने नवऱ्याला सांगितलं, "शुक्रवारी डॉक्टरच बघतील." मैत्रिणींना फोनवर म्हणाली, "अजून आला नाही." धडधडीत खोटं. तिला धास्ती होती. दुखणं परतलं असेल तर? आणि टोपीचं काय? टोपी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत नवी. केस गेल्यापासून लाल लोकरी टोपी घालते, तिची अजून एक केमो बाकी. मास्तरच आडवी झाली तर ही पोर उभी कशी राहणार?

पाकीट खणात ठेवलं, हात जायला लागला. शिलाईच्या डब्यात ठेवलं, तरी तेच. शेवटी चिडून तिने त्याच्या चार घड्या केल्या, एका पॅडमध्ये कोंबल्या आणि दुहेरी शिलाई मारून टाकली. आता जा म्हणावं हाताला! तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि तो पॅड तयार मालाच्या ढिगात पडला.

मंगळवार आला. टोपी पडद्याआड फिटिंगला गेली, आणि आतून ओरडली, "मास्तर, हा टोचतोय! आणि कुरकुरतोयसुद्धा!"

मास्तरचा चेहरा पांढराफटक. "दे इकडे, खराब आहे तो."

पण टपालकाकू मध्येच आल्या. तीस वर्षं टपाल खात्यात काढलेली बाई. त्यांनी पॅड दोन बोटांत दाबला. "कापूस नाही हा. पाकीट आहे. घडी घातलेलं. खिडकीवालं."

मग कंडक्टरीण, एसटीत तिकिटं फाडणारी तिसरी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं ए? नियम फक्त आम्हाला का? विनातिकीट निघाली होतीस?"

"मला नाही कळून घ्यायचं," मास्तर म्हणाली, आणि एवढी आग ओकणारी बाई स्टुलावर मटकन बसली.

टोपीने कात्री उचलली. टाके काही केल्या उसवेनात. "किती पक्कं शिवलंस गं बये!" "माझी शिलाई आहे," मास्तर रडता रडता गुरकावली. "हलकी असेल का?"

कागद निघाला. काकू म्हणाल्या, "आधी नाव बघ, मग वय." नाव तिचंच. वयही. टोपी वाचायला लागली, अडखळत. फुप्फुसं स्वच्छ. यकृत स्वच्छ. हाडं स्वच्छ. "आजार परतल्याची कोणतीही खूण नाही." पुढे एक ओळ होती: पित्ताशयात बारीक खडा.

"खडाच ना?" कंडक्टरीण किंचाळली. "असू दे! तुझ्या जिभेवर आहे त्यापेक्षा लहानच असेल!"

मग जे हसू फुटलं, ते समोरच्या सायकलवाल्याने ऐकलं. काकूंनी मापाची टेप मास्तरच्या गळ्यात हारासारखी घातली. कंडक्टरिणीने कात्रीने इस्त्रीवर दोन टोले दिले, टिंग टिंग. "चला, गाडी सुटली!" टोपीने टोपी काढून छताकडे उडवली, ती पंख्यावर जाऊन बसली. मास्तरने नवऱ्याला फोन लावला, आणि तिला बोलताच येईना म्हणून बाकीच्या तिघी एकदम ओरडल्या.

पुढच्या महिन्यात टोपीचा स्कॅन आहे. मास्तरने भिंतीवर तारीख खडूने लिहून ठेवलीय.

आता तुम्हाला एकच मागणं. तुमच्या ओळखीतली एखादी असं पाकीट लपवून बसली असेल, तर फोनवर धीर देत बसू नका. चपला घाला आणि तिच्याकडे जा. जाताना कात्री न्या.