टाकलेली गाठ

मी सर्जन. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चेष्टा करणाऱ्यांत माझाच आवाज मोठा. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... तरी लिहितो.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या इस्पितळात मी पाच वर्षांपासून होतो. काष्टीचा गेनबा आला – खडी फोडायला बसताच येईना.

"मोड आलाय, डाक्टरसायब."

मोड म्हणजे मूळव्याध. लाजेपायी वर्षभर कुणाला दाखवलं नव्हतं. गुदद्वाराशी काळपट गाठ होती. मला रक्त साकळलेला मोडच वाटला. भर दुपारी कापला, बादलीत टाकला. तपासायचा तर तुकडा एस.टी.ने पुण्याला धाडावा लागे – मोडासाठी कोण एवढं करतो?

हात धुऊन बाहेर आलो, तर दाराशी हिरव्या लुगड्यातली बाई.

"डाक्टर, भामाच्या बापाचं ते टाकू नगा. तपासा."

"कोण भामाचा बाप? नाव सांगा की!"

तिनं पदर तोंडाशी धरला. नाव घेईना, म्हणजे गेनबाचीच बायको.

"माजी गाठ टाकली हुती," एवढंच म्हणाली.

मला शिकवते! रागारागानं आत जाऊन तुकडा उचलला, चिरला. मोड असता तर साकळलेलं रक्त सुटून आलं असतं. हा आतपर्यंत शाईसारखा काळा, घट्ट. त्याच दिवशी तो पुण्याला धाडला.

पुण्याहून उत्तर आलं – मेलॅनोमा, रंगपेशींचा काळा कॅन्सर. त्या जागी हा कॅन्सर मी फक्त पुस्तकात वाचला होता. गेनबाला सांगितलं, गुदद्वार आणि वरचं आतडं काढावं लागेल, शौचाची वाट पोटावर करावी लागेल.

"बायकोलाही बोलवा. तिच्यामुळंच कळलं."



"बायकू? तिला जाऊन तीन वर्सं झाली, सायब. छातीत गाठ हुती. तुमीच काढली हुती न्हवं?"

ऑपरेशन पाच तास चाललं. गेनबा दीड वर्ष जगला. वेदनेतच, पण भामाजवळ.

गेनबानं बायकोचं सांगितलं, त्याच संध्याकाळी मी जुनं रजिस्टर काढलं होतं. पान सापडलं – "छातीतली साधी गाठ. काढली. तपासणी नको." खाली माझी सही.

दाराशी कोण उभं होतं, मला आजही सांगता येत नाही. एवढं खरं, की तिनं मला दोष दिला नाही. फक्त नवऱ्याचं टाकू नका म्हणाली... तेही त्याचं नाव न घेता.