भाऊचं बंद दार

ढाणकीच्या बाजारात भाऊ हमाली करायचे. हळदीचं पोतं पाठीवर घेऊन ते निघाले की आम्ही पोरं मागे मागे. दुसऱ्यांचे देव सिनेमातले असतील, माझा देव हमाल होता. तालुक्याच्या बॉडी बिल्डिंग स्पर्धेत त्यांनी अंगाला तेल चोपडून दंड फुगवले, तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. आईशप्पथ, तेव्हापासून माझा व्यायाम सुटला नाही. लग्नाच्या सकाळीसुद्धा हळदीच्या अंगानं जोर काढले. बायकोच्या मावशीनं विचारलं, "पोरगं येडं तं नाही ना?"

मारुतीच्या देवळामागच्या टिनाच्या शेडमध्ये भाऊंची व्यायामशाळा होती. तिथं त्यांचा एक कायदा होता. अंग बनल्याशिवाय बनियन काढायची नाही, अर्धवट बॉडीला नजर लागते. कोणी कुरकुर केली की म्हणत, "कच्चं मडकं कुंभार तरी दाखवते काय बे?" ज्या दिवशी ते मला "काढ आता" म्हणाले, त्या दिवशी मला गगन ठेंगणं झालं होतं.

पुढं मी गावातच जिम टाकली. उद्घाटनाचा नारळ भाऊंनी दगड न घेता नुसत्या हातानं फोडला. लेकाहो, काय माणूस होता!

मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले आणि खोलीचं दार लावून घेतलं. वहिनी सोडून कोणालाच आत येऊ देत नव्हते, आणि डावा हात तर वहिनींनाही हलवू देत नव्हते. मी रोज जायचो. लकव्याची माणसं मी पाहिली होती. पहिल्या काही महिन्यांत दुसऱ्या कोणी हातपाय नेमानं हलवून दिले, तर माणूस काठी टेकत का होईना, चालतो. डॉक्टरही तेच सांगत होते. उशीर झाला की मग काही खरं नाही.

"भाऊ, दार उघडा. मी देतो हात हलवून."

"जाय बे. मले असं पाहू नको."

"काहून पण? मी काय परका आहो?"

"परका असता तं उघडलं असतं."

मी जाम चिडलो. दारावर थापा मारल्या, हट्टी म्हातारा म्हणालो, ओट्यावर बसून रडलोही. वहिनी गुपचूप चहा आणून ठेवायच्या. पोळा गेला, दसरा गेला.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला आणि भाऊ गेले. शेवटची अंघोळ घालायला आम्ही चेलेच अंगणात उभे होतो. मी पाणी घालत होतो. डावा हात वाळून पार काडी झाला होता. मग उजवा हात हातात घेतला. तो भरलेला होता. दंडाची बेडकी जागच्या जागी, तळहातावर ताजे घट्टे. मला काही समजेना. मी वहिनींकडे पाहिलं.

"रोज पाण्याची कॅन उचलत पलंगावर बसून," त्या म्हणाल्या. "म्हणत, थांब, थोडी बॉडी बनू दे. मंग पोराले आत घेतो."

डाव्या हाताला दुसरा माणूस लागतो हो, भाऊ. मी तर रोज तुमच्या ओट्यावरच बसून होतो.