काचेपलीकडची भट्टी

माझ्या सासूबाई सत्तावीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पीठ मळत होत्या. मळायचं यंत्र, पण ते कधी थांबवायचं हे त्यांची बोटं सांगायची. माणूस सहज मावेल एवढा पोलादी ड्रम. त्याचं झाकण उघडून त्या चिमूटभर पीठ काढायच्या, अंगठ्याखाली चोळायच्या आणि म्हणायच्या, "अजून दीड मिनिट." एकदा कुणा साहेबाने पिठाचा ओलावा मोजायचं उपकरण आणलं. आठवडाभर उपकरणाची आणि बाईंची जुंपली. शेवटी ते उपकरण साहेबाच्या टेबलावर कागद दाबायला गेलं आणि सासूबाईंना ‘चिमूटबाई’ हे नाव चिकटलं ते कायमचं.

सासरे गेले तेव्हा माझा नवरा चार वर्षांचा होता. त्या वेळी आई कामाला लागल्या. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्या कामावर जात होत्या. संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा भुवयांवर मैद्याची पांढरी रेघ असायची आणि दारातून लोण्याचा वास आत यायचा. पण घरात त्यांनी कधी बिस्कीट केलं नाही. "दिवसभर तेच बघते, घरी कशाला?" एवढंच म्हणायच्या.

मग कारखाना बंद पडला. आईंना निरोपाची एक शाल मिळाली आणि एक भिंतीवरचं घड्याळ, जे लावल्यापासून दहा मिनिटं पुढेच धावतं. त्या घरात रुळल्या असं आम्हाला वाटलं. भाजी निवडायच्या, नातीला शाळेत सोडायच्या, वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायच्या. फक्त दुपारी तीनच्या सुमाराला त्यांचं कशात लक्ष नसायचं. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून त्या समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत असायच्या. मला वाटायचं, वय झालं.

अशी सहा वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी, वय वर्षं अकरा, दुकानातल्या फ्रीझरमधून एक वस्तू घेऊन आली. प्लॅस्टिकच्या नळीत भरलेलं कुकीचं तयार पीठ. सुरीने चकत्या कापायच्या, ओव्हनमध्ये ठेवायच्या, झालं.

"पीठ विकत आणलंस?" आई चष्मा शोधत उठल्या. "आणि तेही कच्चं?"

त्यांनी नळीचं टोक कापलं आणि चिमूट काढली. सहा वर्षांनी ती बोटं तशी हलताना मी पाहिली आणि का कोण जाणे, हातातलं काम ठेवून बघतच राहिले.

"यात लोणी नाही. तेल आहे," त्या म्हणाल्या. "आणि मळणाऱ्याला थांबायचं कळलेलं नाही. मेण झालंय याचं. टाकून दे, मी करते."

करायचं तर ठरलं, पण आईंना प्रमाण ठाऊक होतं ते एका बॅचचं. एकशे साठ किलो मैदा, ऐंशी किलो लोणी, छप्पन्न किलो साखर, एक किलो सहाशे ग्रॅम मीठ, आठ लिटर पाणी. "याच्याहून कमी मी कधी केलंच नाही गं," त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर ओशाळला होता. मुलगी वही घेऊन बसली. पाव किलो मैद्याला सगळं भागिले सहाशे चाळीस. मीठ अडीच ग्रॅम आलं. "अडीच ग्रॅम म्हणजे दिसतं तरी का डोळ्यांना?" असं म्हणत आईंनी ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत बसल्या.

पीठ पहिल्याच दिवशी जमलं. मऊ, थंड, बोटाला न चिकटणारं. मुलीने कच्चंच खाऊन अर्धं संपवलं. भाजायचं मात्र काही केल्या जमेना. आमचा ओव्हन लहानसा, इतकी वर्षं त्यात आम्ही जुन्या पिशव्या कोंबून ठेवल्या होत्या. बिस्किटं खालून कोळसा आणि आतून कच्ची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती वितळून एकमेकांत मिसळली आणि ताटाएवढं एकच बिस्कीट झालं. माझा नवरा म्हणाला, "आई, हे भिंतीला टांगू, त्या घड्याळापेक्षा बरी वेळ दाखवेल." कुणी हसलं नाही.

"पीठ बरोबर आहे," आई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "आच चुकतेय. त्यांना विचारायला पाहिजे."

"कुणाला?" मी विचारलं.

त्या ओला रुमाल घेऊन स्वच्छ असलेलाच ओटा पुसू लागल्या. मी तेवढ्यावर सोडलं असतं, पण पुसता पुसता त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. नवरा कामावर आणि मुलगी शाळेत गेल्यावर मी दोघींचा चहा केला आणि समोर बसले.

"आई, कोण ‘ते’?"

"भट्टीवाले," त्या म्हणाल्या. मग थोडं थोडं करून सांगितलं.

मळायची खोली आणि भट्टीची खोली यांच्यामध्ये मोठी काच होती. आई पीठ पाठवायच्या, पलीकडे ते भाजायचे. यंत्रांचा आवाज एवढा, की ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. म्हणून पहिला ट्रे बाहेर आला की ते काचेशी येऊन हाताने सांगायचे. मूठ वळली तर पीठ घट्ट आहे. पंजा हलवला तर सैल. नुसती मान हलवली तर उत्तम. दिवसाला नऊ बॅच, म्हणजे नऊ वेळा ते काचेशी येणार. बावीस वर्षं. चहाची सुट्टीसुद्धा एकत्र नव्हती, कारण पीठवाल्यांची सुट्टी झाल्यावर भट्टी रिकामी व्हायला अर्धा तास लागायचा. आई परत जायला निघायच्या, तेव्हा ते कपबशी घ्यायला यायचे.

"म्हणजे कधी बोललातच नाही?"

"बोललो ना. एकदा." त्यांनी कप खाली ठेवला. "ते येऊन वर्ष झालं असेल. वीज गेली, सगळं बंद. कारखाना असा गप्प झालेला मी कधी ऐकला नव्हता. आम्ही मैद्याच्या पोत्यांवर बसलो होतो. ते म्हणाले, येत्या रविवारी तुमच्या घरी येऊ का, जरा बोलायचं होतं. मला कळलं काय बोलायचं ते. तेवढी काही मी लहान नव्हते."

"मग?"

"मी म्हटलं, मुलाची परीक्षा आहे. झाली की सांगते."

"कसली परीक्षा?"

"पाचवीची सहामाही."

मला हसू आलं, पण आई गंभीर होत्या. "परीक्षा झाली, पण मी सांगितलं नाही. मुलगा काय म्हणेल, लोक काय म्हणतील. आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. नऊ वेळा काचेशी यायचे तेवढे येत राहिले."

त्या रात्री झोपण्याआधी मी हे नवऱ्याला सांगितलं. तो मग म्हणाला, "त्या सहामाहीत मी गणितात नापास झालो होतो." आणि उशी तोंडावर घेऊन कूस बदलून झोपला. सकाळी चप्पल घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "कारखान्यात हजेरी मांडणारे टाइमकीपर अजून बाजाराच्या मागे राहतात. त्यांच्याकडे सगळ्यांचे पत्ते असतील."

पत्ता मिळाला. बसने अडीच तासांवरचं गाव. भट्टीवाल्यांनी लग्न केलं नव्हतं, म्हातारी आई असेपर्यंत तिचं केलं आणि आता भाचीकडे राहत होते. शनिवारी आईंनी पहाटे उठून पीठ मळलं, स्टीलच्या डब्यात भरलं आणि डबा ओल्या कापडात गुंडाळला. बसमध्ये तो मांडीवरून खाली ठेवला नाही. दोनदा म्हणाल्या, "आच विचारायची आणि लगेच निघायचं." मी हो हो म्हटलं. केस त्यांनी त्या दिवशी तीनदा विंचरले होते.

दार भट्टीवाल्यांनीच उघडलं. उंच, वाकलेले, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. त्यांनी आईंना तात्काळ ओळखलं. सवयीने दोघं एकमेकांकडे नुसते बघत उभे होते.

"कसे आहात?" शेवटी आई म्हणाल्या.

त्यांनी मान तिरकी केली. "तुमचा आवाज असा आहे होय! मी विसरलोच होतो. जाड असेल असं वाटायचं."

"जाड का?"

"काचेतून तुम्ही रागावलेल्या दिसायचात."

मग आम्ही आत गेलो. भाचीने पाणी दिलं, आणि ती शहाणी मुलगी मला गच्चीवरची झाडं दाखवायला घेऊन गेली. झाडं होती चार. ती बघायला आम्हाला दीड तास लागला.

खाली आलो तेव्हा दोघं ओव्हनसमोर दोन स्टुलांवर बसले होते. ते सांगत होते, "तुम्ही पीठ थेट आत ढकलता. आधी तासभर गारठ्यात ठेवायचं. आणि खाली एक रिकामा ट्रे घाला, म्हणजे बूड जळणार नाही. कडा तांबूस झाल्या की काढा. मधला भाग कच्चा वाटला तरी काढा, बाहेर आल्यावरही ते शिजत राहतं." आई मान डोलवत ऐकत होत्या. आच कमी-जास्त करायची कळ मात्र त्यांनी एकदाही हात लावून बघितली नाही.

आणि मग मी दारात असतानाच आईंनी विचारलं, "तुम्ही पुन्हा विचारलं का नाही?"

"तुम्ही सांगते म्हणालात. मी वाट बघत होतो."

"किती दिवस?"

त्यांनी थोडा विचार केला, जसं काही खरंच मोजायचं होतं. "कारखाना बंद होईपर्यंत," ते म्हणाले. "ट्रे काढतो, कडा आल्या."

बिस्किटं फार सुरेख झाली होती. परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसल्या. डबा रिकामा होता, तरी मांडीवरच होता.

नवऱ्याने भट्टीवाल्यांना आमच्याकडे बोलावलं. स्वतः फोन करून, अडखळत, "काका" म्हणत. ते आले, चार दिवस राहिले, आमचा ओव्हन उलटासुलटा करून त्याची आच जागेवर आणली आणि मुलीला पत्त्यांत सलग सात वेळा हरवलं. आई त्या चार दिवसांत एकदाही भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या नाहीत. पुढे भाचीच्या नवऱ्याची बदली झाली, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिने मामांना बरोबर नेलं. एकटं ठेवण्यासारखी त्यांची तब्येत नव्हती. इथेच राहा, असं माझा नवरा म्हणाला होता. मीही म्हणाले. आई मात्र काही बोलल्या नाहीत, आणि ते बहुतेक त्यांच्याच तोंडून ऐकायला थांबले होते.

आता दर शनिवारी घरात बिस्किटं होतात. परवा पिठाचा गोळा गारठायला ठेवून आम्ही दोघी बसलो होतो. मी धीर करून विचारलं, "आई, तेव्हा हो म्हटलं असतंत तर?"

"तर मला पॅकिंगला टाकलं असतं," त्या लगेच म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी कितीतरी वर्षं तयार ठेवलेलं असणार. "नवरा-बायकोला शेजारच्या खात्यांत ठेवत नसत. मग दिवसभरात एकदाही दिसले नसते."

"पण संध्याकाळी घरी दिसले असते ना?"

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, तिचं स्टँड दोनदा घसरलं.

"हो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी."

मग उठून दोरीवरचे कपडे काढायला गेल्या.