लिंबू पिळायचं राहिलेल्या तीन बरण्या

त्या उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या आंब्यांना इतका माल लागला की वाटून, खाऊनही पाट्या उरल्या. मी अहमदपूरला शाळेत शिकवते. फळ वाया घालवायचं नाही, दुकानातलं डबाबंद आणायचं नाही, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलेलं. म्हणून फोडी पाकात घालून, वर लिंबू पिळून काचेच्या बरण्यांत भरल्या, मोठ्या पातेल्यात उकळून झाकणं घट्ट बसवली. अकरा झाल्या. त्यातल्या दोन मी कौतुकानं शिरूर अनंतपाळजवळ गावी, धाकट्या जावेला पाठवल्या. तिला सातवा महिना होता.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी फडताळातल्या एका बरणीचं झाकण फुगलेलं दिसलं. उघडताच फस्सकन हवा सुटली.

मला आठवलं, शेवटच्या तीन बरण्यांना लिंबं पुरली नव्हती. 'चालतंय' म्हणून मी तशाच भरल्या होत्या. आंबटपणा कमी पडला तर आत विष धरतं, आणि कधीकधी वासही येत नाही; ते पोटात गेलं की एकाचं दोन दिसतं, गिळता येत नाही, हे वाचलेलं होतं. त्या तीन कुठल्या, हे मात्र लिहून ठेवलं नव्हतं.

जावेचा फोन नुसता वाजत राहिला. मिळेल ती एसटी धरली. वाटेत आठ-दहा वेळा तरी फोन लावला असेल.

सासूबाई अंगणात डाळ निवडत होत्या.

"आत्याबाई, आंब्याची बरणी उघडली का?"

"एक संपली की. कालधरनं चपातीसंगं तेच खाऊन राहिली ती."

"कुठंय?"

"निजली हाय. डोकं जड झालंय म्हणती."

मी तशीच आत गेले. जावेला उठवून विचारलं, दोन-दोन दिसतंय का, घास गिळता येतोय का. ती हसायला लागली. "ताई, लेकरू लई लाथा मारतंय, झोपच न्हाई मला."

तरीही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. आत्ता तरी काही दिसत नाही, म्हणाले. पण दोन-तीन दिवस नजर ठेवा, जरा जरी वेगळं वाटलं तर सरळ लातूर गाठा.

मी शाळेत रजा कळवून तिथंच राहिले. ती घास घेई तेव्हा मी तिचा गळा बघत बसे. दुसऱ्या दिवशी लिंबाचं सासूबाईंना सांगून टाकलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मंग हे पाठवतानाच सांगायचं न्हाई का, माय?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी जाऊ विहिरीपर्यंत चालून आली, तेव्हा कुठं माझ्या घशाखाली भाकरी उतरली. तिच्याकडची दुसरी बरणी आणि माझ्याकडच्या सगळ्या, चांगल्या-वाईट न बघता, खोल खड्ड्यात पुरल्या. पुढं तिला मुलगी झाली, धडधाकट.

आता ती पोर माझ्या हातचं काहीही मागून खाते. मी देते, आणि ती खेळायला गेली की उगाच दारात उभी राहून बघत राहते.