अगस्ती दिसला का?

सांगलीला कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. लढाईच्या त्या वर्षांत थोरला भाऊ पलटणीबरोबर समुद्रापलीकडे होता. ठिकाण पत्रात लिहू देत नसत. आईला वाचता येत नव्हतं. सुट्टीत तासगावजवळच्या आमच्या गावी गेलो की दादाची पत्रं तिला वाचून दाखवायची नि उत्तरं लिहायची, हे माझं काम.

माघात एकदा जेवणं झाल्यावर मी तिला अंगणात अगस्ती दाखवला. आधी तिकांडं, म्हणजे ओळीतले तीन तारे; त्यांच्या रेषेत खाली लखलखणारा व्याध; तिथून दक्षिणेला, कडब्याच्या गंजीवर, एकटाच अगस्ती.

"कालेजात आबाळ बगायला शिकिवत्यात व्हय रं?" शेजारची काकू हसली.

"दादालाबी ह्योच दिसतो," मी आईला ठासून सांगितलं. तिनं हात जोडले. मग पत्रात लिहायला लावलं, की रोज सांजच्याला तू बघ, मीबी बघते.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. 'तो तारा इथं कुठंच दिसत नाही. थंडीत उभा राहून लय शोधला.' मी मनातल्या मनात वाचत होतो, तेवढ्यात आईनं विचारलं, "दिसला का त्याला?"

"दिसला, आये."

तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पण काकू तिथंच बसली होती, आणि माझं शिकणं चुकलं हे मला तिच्यासमोर वाचायचं नव्हतं. पुढं सरांना विचारलं तेव्हा कळलं, की फार उत्तरेला गेलं तर अगस्ती उगवतच नाही. तरी मी गप्पच. आई हात जोडत राहिली.

लढाई संपून दादा आला. थंडीत आईनं त्याला हाताला धरून अंगणात नेलं. "बग, तुजा तारा."

"ह्यो व्हय? तिकडं कुटं दिसत हुता! मी लिवलं हुतं की, आये."

आईनं माझ्याकडं पाहिलं. आत गेली, डब्यातली सगळी पत्रं आणून दादापुढं ठेवली. "पयल्यापासनं वाच."

दादा चौथी शिकलेला. बोट ठेवून अडखळत वाचत गेला. बाकी कुठल्याच पत्रात मी काही बदललेलं नव्हतं. ते सांगावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडानं सांगणार? प्रत्येक पत्र संपलं की ती विचारायची, "एवढंच हाय नव्हं?"

दादा पुन्हा पलटणीत गेला. त्याचं पत्र आलं की, मी घरी असलो तरी, आई ते पदराखाली धरून शाळेतल्या मास्तरांकडं जायची. 'आण, मी वाचतो' म्हणायचा मला कधी धीर झाला नाही.