ज्याचा भाला त्यानं आणायचा

टच्च!

सुकी काटकी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज. फार वर्षांपूर्वी मी तो ऐकला. तेव्हा आमच्या मैदानाला कुंपणसुद्धा नव्हतं, खाडीवरचा वारा सरळ आत यायचा. एका उंच पोरानं भाला फेकला आणि भाला जमिनीत जायच्या आधीच हा आवाज आला. मला वाटलं भाला मोडला. भाला चांगला होता. पोराचं कोपर गेलं होतं.

तो पोरगा म्हणजे आताचे आमचे सावंत सर. असल्या दुखण्याला ऑपरेशन असतं हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. हळदीचा लेप लावला, हात गळ्यात बांधला, झालं. त्यांचं उजवं कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. चहासुद्धा ते डाव्या हातानं पितात.

मी कोपरखैरण्याच्या या मैदानाचा माळी. पाणी मारतो, रोलर फिरवतो, चुन्याच्या फक्कीच्या रेषा आखतो. सगळे मला तात्या म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. मला बोलायला जरा वेळ लागतो, तोवर समोरचा आणखी दोन गोष्टी सांगून मोकळा होतो! असे किस्से साठतात. कुंपणापाशी पाला साठतो तसे. आज झाडला तरी उद्या सकाळी तेवढाच.

*

सरांचा एक नियम आहे. ज्याचा भाला त्यानं आणायचा. फेकला की चालत जायचं, स्वतः उपटायचा, टोक खाली धरून चालत परत यायचं. दुसऱ्याच्या भाल्याला हात लावायचा नाही.

उलव्याहून एक बिल्डरचा मुलगा यायचा. मोठी गाडी, ड्रायव्हर, पाण्याची थंड बाटली. पहिल्याच दिवशी त्यानं भाला फेकला आणि ड्रायव्हरला हाक मारली, "शिंदे, घेऊन या."

शिंदे बिचारे घेऊन आले. सरांनी त्यांच्याकडूनच भाला घेतला आणि विचारलं, "शिंदे, उद्या किती वाजता येता प्रॅक्टिसला?"

"मी? मी तर गाडी चालवतो साहेब."

"चालून तुम्ही आलात, उपटला तुम्ही. मग फेकाही तुम्हीच! याला गाडीत बसू दे."

पोरगा लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी आला, आणि स्वतःचा भाला स्वतः आणला. शिंदे मात्र गाडीतून उतरलेच नाहीत!

*

आता रूपालीचं सांगतो.

रूपाली म्हात्रे बोनकोड्याची. घर गावठाणात, वडील गजाशेठ, त्यांचा टेम्पोचा धंदा. पोरगी हाडानं मजबूत, तोंडानं त्याहून मजबूत. राज्याच्या निवड चाचणीची तयारी चालली होती, आणि यंदा ती जाणार हे मैदानावरच्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

संध्याकाळची वेळ. मी नळी गुंडाळत होतो. ती धावली, फेकला, आणि...

टच्च.

मी वळलो. आधी तिच्याकडे नाही, सरांकडे बघितलं. सर बाकावर बसले होते. हातातला चहा मांडीवर सांडला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

रूपाली रडली नाही. उजवा हात पोटाशी धरून उभी राहिली. शेवटची दोन बोटं झिणझिणतायत म्हणाली. मग सरांकडे बघून म्हणाली, "सर, भाला आणते."

आणि गेली की! नियम म्हणजे नियम. पूर्ण मैदान चालत गेली, डाव्या हातानं हिसके देत भाला उपटला, टोक खाली धरून परत आली. तिला थांब म्हणायला कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. सरांनाही नाही.

*

वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलंय. म्हणजे दोन हाडांना धरून ठेवणारा पट्टा. फेकणाऱ्यांचा हाच जातो. शिवून भागणार नाही, नवा बसवावा लागेल. तिच्याच अंगातली एखादी शीर काढायची, हाडांना भोकं पाडायची आणि त्यातून ओवून घट्ट बांधायची.

गजाशेठ म्हणाले, "म्हंजे खाटंला नवार भरतात तसा?"

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच समजा."

ही शीर बहुतेक मनगटातून घेतात. अंगठा आणि करंगळी जुळवायची, मनगट थोडं वाकवायचं, की मधोमध दोरीसारखी उभी राहते. काही माणसांना ती नसतेच. नसली तरी काही अडत नाही.

झालं! दुसऱ्या दिवशी मैदानावर कुणी पळेना, कुणी फेकेना. सगळे अंगठा-करंगळी जुळवून उभे. थाळीफेकवाल्या पिंकीला एकाच हाताला होती, ती घाबरून आईला फोन लावत होती. टपरीवरच्या रमेशची दोरी सगळ्यात जाड निघाली. दिवसभर तो गिऱ्हाइकाला चहा देताना मनगट दाखवत होता. "बघा साहेब, स्टेट लेव्हलची शीर आहे!"

रूपाली बाकावर बसून हे सगळं बघत होती. तिनं हळूच डाव्या हाताची बोटं जुळवली.

काही उभं राहिलं नाही. उजव्या हाताला नव्हतीच, आता डाव्यालाही नाही.

*

ऑपरेशनच्या सकाळी मी आणि सर हॉस्पिटलात गेलो. गजाशेठ आधीच येऊन बसलेले. नवा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, तोंड सुकलेलं. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. पाणी नको. काल रात्रीपासून पोटात काही नाही.

मला वाटलं, देवाचा उपास असेल.

डॉक्टर बाहेर आले तसे शेठ उठले आणि दोन्ही हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत हात गुळगुळीत! सकाळीच सलूनमध्ये जाऊन भादरून आले होते.

"घ्या डाक्टर. पोरीला नाय तं बापाची घ्या. ही बगा, कशी तानलेली हाय!"

डॉक्टरांना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी शेठचे हात हातात घेतले. "शेठ, ही किडनी नाही. तिची स्वतःचीच घेणार. मनगटात नाही तर मांडीत आहे, तिथली काढतो. मी सांगितलं होतं ना?"

"सांगितला आसंल. मना आयकू नाय आला."

रूपालीला आत नेलं. दार बंद झालं. आम्ही तिघं बाकावर बसलो. मग शेठ आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "तात्या, आता गावात काय सांगू? हात कनाला भादरले?"

मी विचार करत होतो काय सांगावं. तोवर सर म्हणाले, "सांगा, उन्हाळा आहे."

*

मग कोपराला आधार म्हणून लोखंडी बिजागरीचा पट्टा हातावर चढला. डॉक्टर बिजागरी थोडी थोडी सैल करत जायचे. कोपर रोज जरासं जास्त वाकायचं, जरासं जास्त उघडायचं. पोरगी डाव्या हातानं जेवायला शिकली, डाव्या हातानं वेणी घालायला शिकली.

त्यातच चुलत भावाची हळद आली. बोनकोड्यात हळद म्हणजे विचारू नका! सगळा गाव नाचतोय आणि ही खुर्चीत. एक मावशी आली, पट्ट्याला बोट लावून म्हणाली, "बाय, हात असा ऱ्हायला तं तुज्या लग्नाचा काय?"

रूपाली म्हणाली, "मावशे, अक्षता लांबून फेकायच्या असतात काय?"

सगळे हसले. तीही हसली. मग मांडवामागे जाऊन बराच वेळ बसली, असं शेठनं मला नंतर सांगितलं. हे सांगताना शेठ मैदानाच्या कुंपणाला टेकून उभे होते. म्हणाले, "तात्या, यकदा फेकू दे तिला. टिकला तं टिकला. परत तुटला तं भाला माल्यावर. मी परत त्या दारात नाय बसनार."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. पुन्हा गेलं तर हात जेवण्याखाण्यापुरता बरा करून देईन, भाला विसरायचा.

*

आधी टॉवेल फेकायचा. नुसता हवेत. मग हलका चेंडू, भिंतीवर, जवळून. मग जरा लांबून. या कामात दिवाळी गेली, होळी गेली. यंदाची नाही तर पुढची चाचणी, असं म्हणत ती भिंत बडवत राहिली. एके दिवशी डॉक्टरांनी कोपर धरून इकडून तिकडून दाबून बघितलं आणि म्हणाले, "आता भाला. पूर्ण जोर लावायला हरकत नाही."

पोरगी तयार. सर तयार नाहीत!

सोमवारी म्हणाले, ग्राउंड ओलं आहे. मी पाणीच मारलं नव्हतं. मंगळवारी म्हणाले, वारा आडवा आहे. बुधवारी भाल्याच्या मुठीची दोरी सैल वाटली म्हणून स्वतः सोडून पुन्हा गुंडाळत बसले, अंधार पडेपर्यंत.

गुरुवारी रूपाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, फेकायचंय मला की तुम्हाला?"

सर बाकावरून उठले. मग म्हणाले, "उद्या सकाळी. तात्या, रेषा नीट मारा."

*

त्या सकाळी मी फक्की मारली आणि पंप बंद केला. मला आवाज ऐकायचा होता.

गजाशेठ कुंपणाबाहेर, मैदानाकडे पाठ करून उभे. तोंड रस्त्याकडे. पिंकी थाळी छातीशी धरून बसलेली. रमेशनं स्टोव्ह बंद केला होता.

सर म्हणाले, "अर्ध्याच जोरानं."

रूपालीनं मान हलवली. आणि ती ज्या पद्धतीनं मागे मागे जात राहिली, त्यावरूनच मला कळलं की ही अर्ध्या जोरानं फेकणार नाही.

धावली. शेवटची पावलं आडवी पडली, अंग मागे ताणलं, हात सुटला. मी भाल्याकडे बघितलंच नाही. मान खाली घालून कान देऊन उभा राहिलो.

खप्प.

कुणी टाळी वाजवली नाही. रूपाली रेषेच्या अलीकडे उभी होती. उजवा हात पोटाशी. तशीच, त्या संध्याकाळसारखी.

कुंपणाबाहेरून शेठ न वळता म्हणाले, "तात्या, आवाज आला कं?"

मला बोलायला वेळ लागतो हे मी आधीच सांगितलंय. त्या माणसाचे त्या वेळी फार हाल झाले असतील.

"आला," मी म्हणालो. "भाला जमिनीत गेल्याचा."

शेठ होते तिथेच खाली बसले.

सर रूपालीजवळ गेले. "दुखतंय?"

तिनं हात पोटापासून सोडवला. वाकवला. मग पुढे केला, हळूहळू, पूर्ण सरळ. खांद्यापासून बोटांपर्यंत एक रेघ. सर त्या कोपराकडे बघत राहिले.

"नाही सर," ती म्हणाली. "आणते भाला."

ती निघाली, तसा सरांनी आपला वाकडा हात तिच्यापुढे आडवा धरला. ती थांबली. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात दिली, आणि तिचा भाला आणायला स्वतः गवतावरून चालत गेले.